नाण्यांची साडी

ती घटना आठवली की आजही आधी माझे कान तापतात आणि मग हसू येते. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी उज्जैनला उपनिरीक्षक झाले होते. पुढे सेवा सोडून न्यायसहायक प्रयोगशाळेत आले. तेव्हा मात्र मला एक मोठा गुन्हा स्वतः उघडकीस आणायचा होता.

खबऱ्याचा फोन आला. “मैडम, भैरवगढ़ में सिक्के ढल रहे हैं. चूल्हे पर पतीला, हाथ में ठप्पे!”

छाप्यात तीन पितळी ठसे मिळाले. रुपयावरचा उभा अंगठा, दोन रुपयांवरची दोन बोटांची नृत्यमुद्रा आणि पाच रुपयांवरचे तंजावरचे मंदिर. ते पाहिल्यावर मी पातेल्याकडे नीट पाहिलेच नाही. झाकण ठेवून तेही जप्त केले आणि वयस्कर कारागिराला ठाण्यात आणले.

“कोणासाठी बनवता?”

“बैंक की कैशियर मैडम के लिए. कल रिटायर हो रही हैं. बेटी बोली, जिन सिक्कों में माँ की उमर गई, वही साड़ी पर छाप दो. मुझे जाने दीजिए, अभी रंगाई बाकी है.”

चौकशीत प्रत्येकाकडे एक कहाणी असते, असे मी मनाशी म्हटले. हवालदारकाका मात्र हळूच म्हणाले, “मॅडम, नाणी पाडणाऱ्यानं माझ्याकडे चहाला पैसे मागितले असते का?”

मी पंचनामा लिहू लागले. ‘ॲल्युमिनियमच्या पातेल्यात वितळलेला धातू’ येथे पेन थांबले. नाण्यांचे पोलाद चौदाशे अंशांच्या आसपास वितळते. ॲल्युमिनियम त्याच्या निम्म्या तापमानालाही टिकत नाही. धातूच्या आधी पातेलेच वितळले असते! झाकण उघडले. आत गोठलेले मेण होते. ठशाने कापडावर मेण उमटवायचे, कापड रंगवायचे आणि मेण काढले की चित्र उरते. हीच भैरवगढ़ची बाटिक.

जीपमधून त्याला परत नेले. मी माफी मागितली.

“माफी छोड़िए, पतीला पकड़िए,” तो म्हणाला.

मी पातेले धरले. सकाळी उकळत्या पाण्यात मेण सुटले आणि गर्द निळ्या कापडावर एकामागून एक पांढरे अंगठे वर आले. हवालदारकाकांनीही आपला अंगठा वर केला.

हवा तो पुरावा सापडला की नजर तिथेच थांबते. त्यानंतर प्रत्येक तपासात मी ठशांच्या आधी पातेले पाहिले.

संध्याकाळच्या निरोप समारंभाचे आमंत्रण मलाही आले; तिथे कॅशियरबाईंनी मला गाठले. लेकीने त्यांना सारे सांगितले होते. पदरावरच्या रुपयावरून त्यांनी सवयीने बोट फिरवले आणि गंभीर चेहऱ्याने निकाल दिला, “खरा आहे हो, मॅडम. सोडा आरोपीला.”