बाबांना घरी कोणी आणलं?

आधीच सांगून टाकते, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच आमच्या घरातून अंगात येणं, उतारे, गंडेदोरे... सगळं हद्दपार झालं. मी स्वतः सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये – चूक दिसली की कारण शोधायचं, त्याचाच पगार घेते. तरीही या एका गोष्टीचं कारण मला आजतागायत सापडलेलं नाही.

तेव्हा मला नांदेडहून पुण्यात येऊन बरेच दिवस झाले होते. ऑफिस हडपसरला, खोली शनिवार पेठेत – नदीकडच्या गल्लीत, एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर. खाली मालकीण काकू एकट्याच राहायच्या. गावाकडचे पाहुणे आले की त्यांना शनिवारवाडा दाखवायचं काम माझ्याकडे, आणि मी ते मोठ्या ऐटीत करायचे. पुणं मला आवडायचंच हो! पुस्तकांची दुकानं, नदीवरची सकाळची थंडी, एकटीनं नाटकाला जाता येणं... पण आडनाव सांगितलं की समोरचा क्षणभर गप्प व्हायचा ना, ती शांतताही इथलीच. काकू तसं कधी काही बोलल्या नव्हत्या. तरी जिन्यात असताना घरचा फोन आला की माझा आवाज आपोआप खाली जायचा. ‘जय भीम’ मी दार लावल्यावर म्हणायचे.

बाबा आले ते मला परत न्यायलाच. पहिल्याच संध्याकाळी म्हणाले, “नांदेडला बँकेच्या जागा निघाल्यात, माय. चल घरी. इथं तू चोरावानी राहायलीस.”

मला फार राग आला. खरं बोलले होते, म्हणूनच आला असावा.

दुसऱ्या दिवशी मी कामावर, आणि बाबा एकटेच गंज पेठेतला, मुलींसाठी शाळा काढणाऱ्या महात्म्यांचा वाडा बघायला निघाले. सकाळी मी परतीचा रस्ता समजावून सांगायला लागले तर मलाच दटावलं. “जन्मभर एसटी चालवली मी. ड्रायव्हर रस्ता इचारत नसतो.”

जेवणाच्या सुट्टीत काकूंच्या फोनवर फोन लावला. “नाही आले अजून. आणि ही माझी झोपायची वेळ आहे,” काकू म्हणाल्या.

बाबांकडे मोबाइल नाही, त्यात शुगर. दुपारी पेठेतली दुकानं बंद – रस्ता विचारायचं मनावर घेतलं असतं तरी विचारणार कोणाला? मी टीम लीडकडे सुट्टी मागितली. तो म्हणाला, “क्लायंटचा कॉल आहे गं, तेवढा होऊ दे, प्लीज.” आमच्या हॉलमध्ये फोन न्यायची परवानगी नव्हती, दारही कार्ड लावल्याशिवाय उघडायचं नाही. मी आत अडकून बसले. स्क्रीनवर काय होतं, आठवत नाही... डोळ्यांसमोर बाबा रस्त्यात चक्कर येऊन पडलेले.

कॉल संपताच धावत जाऊन लॉकरमधून फोन काढला.

“आले की मघाशीच,” काकू म्हणाल्या. “तूच नाही का सोडून गेलीस?”

“मी?”

“नाही, मी! खिडकीतून बघितलं ना तुला. जिन्यात उभी राहून केवढ्यानं म्हणालीस – जय भीम बाबा, येते मी! झोप मोडली माझी. मला वाटायचं, तुला आवाजच नाही.”

रिक्षानं घरी पोचले. बाबा चहा पीत बसले होते, चेहरा नुसता फुललेला. म्हणाले, “रस्ता चुकलो, घेरी आली. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो तर तूच आलीस समोरून. हाताला धरलंस, गुडघ्याला तेल लावलं का इचारलंस. अन् गल्लीत भेटंल त्याला सांगायलीस – हे माझे बाबा!”

तेलाचं मी दर रविवारी फोनवर विचारायचे. ते बाहेरच्या कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

“बाबा, कपडे कोणते होते माझे?”

“हेच की! असं काय इचारायलीस?”

दुसऱ्या दिवशी ऑफिसात दाराची नोंद काढायला लावली – दुपारभर माझं कार्ड बाहेर पडलेलंच नव्हतं. मैत्रीण म्हणाली, असेल कोणी तुझ्यासारखी दिसणारी. असेल... पण ती माझ्या बाबांना ‘बाबा’ का म्हणेल? त्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या दुकानदारानं, ज्याच्याशी मी कधी बोललेही नव्हते, हात करून विचारलं, “काय, बरे आहेत ना वडील?” मी मान खाली घालून भरभर पुढे निघाले. जिन्यात पाऊल वाजलं की वाटायचं, आली. मी चोरून राहत होते त्याच घरात माझ्याच चेहऱ्याची कोणीतरी उजळ माथ्यानं वावरून गेली होती, आणि मला तिची धास्ती वाटत होती.

बाबांना सोडायला शिवाजीनगरच्या स्टँडवर गेले. गाडीत बसता बसता ते म्हणाले, “बँकेचं राहू दे आता. त्या दिवशी तुला बघितलं अन् माझी काळजी मिटली. तू इथं मान वर करून राहायलीस.”

सांगायला तोंड उघडलं होतं मी. पण त्यांचा तो चेहरा बघितला, आणि नुसती मान हलवली.

बाबा आता नाहीत. मी पुण्यातच आहे, विश्रांतवाडीला. ती पुन्हा कोणाला दिसल्याचं कानावर आलं नाही. ती कोण होती, मला माहीत नाही... पण बाबा मला या शहरात ठेवून गेले, ते तिच्या भरवशावर.