स्किप्टनजवळ, कुत्रीला हाक मारायला

अण्णांनी फाटकाशीच तुतारी तोंडाला लावली आणि आतली वीसेक कुत्री एकदम उठली. जाळीवर पंजे, भुंकणं, चिखल. घरातून एक म्हातारा काठी टेकत धावल्यासारखा बाहेर आला. त्याने आमच्याकडे बघितलं नाही. तो मागच्या टेकडीकडे बघत राहिला.

"अण्णा, इथे असं करत नाहीत."

"कुणाच्या दारात वाजवूनच जायचं. मुकाट्याने चोर जातात."

अण्णा माझे वडील. कराडजवळच्या आमच्या गावात त्यांनी चाळीस वर्षं तुतारी वाजवली. आता तीन महिन्यांसाठी परदेशात, क्लेटनला माझ्याकडे आलेत. रविवारी इथल्या मंडळाचा गणपती येणार, म्हणून तुतारीही आली, कपड्यांत गुंडाळून. एकदा त्यांना फोनवर शिकारीचं शिंग दाखवलं. वीतभर, सरळ, तांब्याचं. "एवढ्याशात आवाज मावतो?" तेव्हापासून त्यांना ते प्रत्यक्ष बघायचं होतं. गुरुवारी मी सुट्टी टाकली.

क्लेटनहून अडीच तास लागतात. शहर ओलांडताना टोल आहे. बॅलरॅटला पेट्रोल भरून घ्या, बेकरीत खिमा भरलेला मीट-पाय खा. पुढे स्किप्टनपर्यंत फारसं काही नाही. मेंढ्या, वारा, ओलं गवत. फोनची रेंज येते-जाते. गमबूट न्याच. आधी कळवलं तर केन कुत्री दाखवतो, चहा आणि स्कोन-पावासकट माणशी पंधरा डॉलर.

केन म्हणजे तो म्हातारा. कुत्री एका हंट क्लबची, सांभाळतो तो. इथे जनावर मारत नाहीत. घोड्यावरून वासाची चिंधी ओढत नेतात आणि त्या वासामागे कुत्री पळतात. पळणं संपलं की शिंग वाजतं, कुत्री परत येतात.

"बेस आली नाही," केन म्हणाला. "मंगळवारपासून. मला वाटलं, कुणीतरी तिला हाक मारतंय."

बेस सगळ्यांत म्हातारी कुत्री. गेल्या वर्षी केनचं अर्धं तोंड लुळं पडलं. त्या बाजूचा ओठ शिंगाला लागत नाही. शेजारी काल फुंकून गेला. नुसती हवा.

मी अण्णांना मराठीत सांगितलं. त्यांनी चहा खाली ठेवला आणि हात पुढे केला. केनने खिशातून शिंग काढून दिलं.

पहिला सूर खणखणीत निघाला. शेवटाला वर चढला.

केन हसला, तोंडाच्या एका बाजूने. "मित्रा, हे राजा आल्याचं वाजवणं झालं. मला कुत्री घरी यायला हवी."

"राजा आला म्हणून सांगणं सोपं असतं," अण्णा म्हणाले. "विचार त्याला, दम कुठे तोडायचा?"

"तोडायचा नाही. विझू द्यायचा."

केनने ती हाक गुणगुणून दाखवली. लांब, किंचित थरथरती, उतरत जाणारी. अण्णांचा सूर पुन्हा वर गेला. चाळीस वर्षांची सवय. सहाव्या-सातव्या वेळी तो उतरला. जाळीमागची कुत्री गप्प बसली.

"हां," केन म्हणाला.

चार वाजता त्याच्या गाडीतून टेकडीवर गेलो. जिथे बेस शेवटची दिसली तिथे केनने अंगातला कोट काढून गवतावर पसरला. शिकारी असंच करतात, म्हणाला. हरवलेलं कुत्रं वासावर परत येतं. अण्णांनी आपली शाल त्याच्या खांद्यावर टाकली आणि शिंग वाजवलं. थांबले. ऐकलं. पुन्हा वाजवलं. खाली मेंढ्या हलल्या, बाकी काही नाही.

तासाभराने त्यांचा खालचा ओठ फुटला.

"अण्णा, बास. रविवारी गणपती आहे."

"गणपतीला वाट माहीत आहे."

अंधार पडेपर्यंत ते वाजवत राहिले. मग शिंग सदऱ्याला पुसून केनला दिलं. अण्णांचा हात त्याने बराच वेळ सोडला नाही. कोट तिथेच राहिला. शालही केनच्या अंगावर राहिली. मागायची मला लाज वाटली.

परतताना बॅलरॅटजवळ अण्णा म्हणाले, "आपण 'आलो' म्हणून वाजवतो. 'ये' म्हणून कधी वाजवलंच नाही." घरी येईपर्यंत त्यांचा ओठ सुजला होता. रविवारी तुतारी कोण वाजवणार, हा प्रश्न मी मंडळाच्या ग्रुपवर टाकायला घेतला आणि पुसला. इतक्या लांब जावं का, असं कुणी विचारलं तर जा म्हणेन. शिंग बघण्यापुरतं गेलात तरी तासभर जास्तीचा ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात चाळीसला केनचा फोटो आला. गवतावर दव, कोट, कोटावर बेस. मागचा एक पाय जखमी. खाली एकच ओळ: तुझ्या बाबांना सांग, आली. अण्णांनी चष्मा लावून फोटो बघितला. मग ओठाला तूप लावलं.