राजीखुशीने

कुणाचाही अंगठा कागदावर टेकण्याआधी यमुनाबाई त्याचं मनगट धरत. हलकेच, पण सुटणार नाही असं. दुसऱ्या हाताने कागद आपल्याकडे ओढून म्हणत, "थांब जरा. काय लिहलं हाये ते तं आयक." मग पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, गोल शिक्क्यातल्या अक्षरांसकट, सगळं मोठ्याने वाचत.

मोहाडी तालुक्यातल्या एका गावी मी तलाठी म्हणून रुजू झाले, तेव्हा त्या तिथल्या कोतवाल होत्या. आधी त्यांचा नवरा कोतवाल होता. तो वारल्यावर हे काम त्यांच्याकडे आलं. नोटिसा घरोघर पोचवायच्या, दवंडी द्यायची, दप्तर सांभाळायचं. शिक्षण सातवी. जोडाक्षरापाशी त्या अडखळत, पण त्याला वळसा घालून पुढे जात नसत. सरकारी मराठीतल्या एखाद्या शब्दाला तीन-तीनदा धडका देत आणि शेवटी माझ्याकडे बघून विचारत, "याचा मतलब काय जी?" कधीकधी तो मलाही सांगता येत नसे. गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या. तेव्हापासून एकदा हे सगळं लिहून काढावं असं मनात होतं.

मला त्यांच्या वाचनाचा राग येई. माझी मनू तेव्हा पाच वर्षांची. नवरा वरठीच्या कारखान्यात पाळीवर. शाळा सुटली की मनू माझ्या टेबलाच्या कोपऱ्याला चित्रं काढत बसे आणि घड्याळाचा काटा सरकला की माझा जीव खालीवर होई. बाहेर रांग आणि आत यमुनाबाईंचं वाचन. एकदा मी म्हटलंच, "अहो, काय लिहिलंय ते माहीत असतं सगळ्यांना."

"मंग आयकाले काय जाते?"

वाचणारी बाई म्हणून मला स्वतःचा अभिमान होता. पिशवीत डबा, मनूचा स्वेटर आणि एक कादंबरी कायम. घरचं सगळं आटोपल्यावर दहा पानं तरी वाचल्याशिवाय मी झोपत नसे. यमुनाबाईंनी एकदा ती कादंबरी हातात घेऊन तिचं वजन पाहिलं. "एवढं मोठं! यात सही कुठी करा लागते?"

"नाही करावी लागत."

"मंग बेस हाये. बिनघोर वाचा."

धान निसवायला लागलं होतं, दिवाळीला महिनाभर होता, तेव्हाची गोष्ट. देवराम नावाचा शेतकरी आपल्या बहिणीला घेऊन आला. त्यांचे वडील दोन महिन्यांपूर्वी वारले होते आणि वारसनोंद व्हायची होती. बहीण सिंधू, बपेऱ्याकडे दिलेली. देवराम तिला सकाळीच मोटारसायकलवर बसवून घेऊन आला होता. सोबत धाकटा भाऊ आणि दोन साक्षीदार. हक्कसोडीचा कागद टाइप करूनच आणलेला.

"मॅडम, सह्या इथंच उरकतो," देवराम म्हणाला. "तुमचा सातबारा घेतला का तसंच नोंदणीले जाऊन राहिलो. तिले सांजची बस हाये."

बहिणीने हक्क सोडायचा आणि भावांनी तिला साडीचोळी करायची, हे मी प्रत्येक गावात पाहिलं होतं. मी मान हलवली आणि सातबारा काढायला घेतला. देवरामने पेनाचं टोपण काढून पेन सिंधूच्या हातात दिलं. ती वाकली.

"थांब व पोरी," यमुनाबाई म्हणाल्या.

देवरामचा चेहरा बदलला. "काकू, घरचा मामला हाये. तुमाले कोणी विचारलं?"

"घरचा हाये तं घरी कराचा होता. इथं आणला का मी वाचतो."

आणि त्या वाचू लागल्या. तलावाखालची बांधी, म्हणजे धानाचं खाचर. टेकरावरची जमीन. मग 'राहते घर, अंगणासह'. सिंधूने मान वर केली.

"घराचं बी हाये? दादा, तू तं बांधीचंच सांगतलं होतं."

"सारं एकच असते ते. सही कर."

"घरात माय राहते ना?"

मनूची रंगकांडी कागदावर थांबली होती. यमुनाबाईंनी शेवटची ओळ वाचली, एकेक शब्द सुटा करून. "मी... राजीखुशीने... कोणाच्याही दबावाला बळी न पडता..." कागद खाली ठेवून त्यांनी विचारलं, "हाये का तुही राजीखुशी? असंन तं कर सही. मी काही बोलत नाही."

सिंधूने पेन कागदावर टेकवलं आणि परत उचललं. देवराम माझ्याकडे वळला. "मॅडम, या बाईले आवरा."

माझ्या एका हातात शिक्का होता. मी काहीच बोलले नाही. ना त्याच्या बाजूने, ना तिच्या.

सिंधूने पेन टेबलावर ठेवलं. "मले मायसंग बोलू दे अगोदर."

"बोल," देवराम म्हणाला. "पण आजपासून तुले माहेर नाही, हे ध्यानात ठेव." तो बाहेर पडला. मोटारसायकल तिला न घेताच गेली. यमुनाबाई सिंधूला बसपर्यंत पोचवायला गेल्या. परत आल्या त्या थेट दप्तर लावत बसल्या.

आठ दिवसांत तक्रार आली. अधिकार नसताना कोतवालाने खासगी कागद वाचला आणि बहिणीला भडकवलं. आम्हा दोघींनाही तालुक्याला बोलावणं. मी लेखी खुलासा द्यायचा होता. मी तो घरी ओट्याशी उभी राहून लिहिला, कुकरच्या शिट्ट्या मोजत. 'सदर कागद कोतवाल यांनी माझ्या पूर्वपरवानगीशिवाय वाचला.' एकही शब्द खोटा नव्हता. माझी नोकरी नवी होती, मनूची शाळा आता कुठे रुळली होती. लांब बदली झाली असती, तर तिला कुठे ठेवायची?

सकाळी यमुनाबाईंनी तो कागद माझ्या हातातून घेतला आणि सवयीप्रमाणे मोठ्याने वाचला. वाचून झाल्यावर घडी घालून परत दिला.

"खरं हाये," त्या म्हणाल्या. "पण तुमी त्या टायमाले काय करून राहिल्या होत्या, ते नाही लिहलं."

मी घडी केलेला कागद पिशवीत ठेवू लागले.

"मॅडम, माह्या मायचा अंगठा असाच घेतला होता. बाप मेल्यावर. काकानं तिचा हात धरून टेकवला. मी बाजूले उभी होती, सातवी पास. कागद माह्या नाकासमोर होता. नाही वाचला." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "काहून? तं मोठ्या माणसाईत पोरीनं बोलू नये म्हून. माय मरेपर्यंत दुसऱ्याच्या पडवीत राहिली. तिनं मले कधी बोल नाही लावला. त्याचंच जास्त लागते."

मला रागवल्या असत्या तर सोपं गेलं असतं. कादंबरीतल्या रडणाऱ्या बाईवरची पानंच्या पानं मी रात्री जागून वाचली होती. माझ्या टेबलासमोर एक बाई पेन हातात धरून अडली होती, तेव्हा मी हातात शिक्का धरून बसले होते. मी तो खुलासा फाडला आणि उभ्या उभ्याच दुसरा लिहिला. 'कागदात काय आहे हे त्या महिलेला समजले आहे का, ते पाहणे माझे काम होते. मी ते केले नाही. कोतवालांनी केले.'

तालुक्याला तहसीलदार साहेबांनी तो वाचला, चष्मा काढला. "हे असंच ठेवायचं? विचार करा. तुमच्या सेवापुस्तकात कायम राहील."

"असंच ठेवा, सर," मी म्हणाले.

मला लेखी समज मिळाली, यमुनाबाईंना तोंडी. बदली झाली नाही. सिंधूने सही केलीच नाही, आणि वारसनोंदीत आई, दोन भाऊ, सिंधू अशी चारही नावं चढली. गोष्ट संपली असं मला वाटलं. यमुनाबाई मात्र देवरामच्या गल्लीतून जायचं टाळू लागल्या. तलावाच्या पाळीवरून लांबचा फेरा घालून ऑफिसला येत. देवरामला भ्यायल्या असतील, असं मी समजले.

दिवाळी झाली. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते. रात्री नाटक, दिवसा दंडारीची नाचगाणी, आणि लग्न झालेल्या साऱ्या पोरी माहेरी. सिंधूला आणायला कुणी गेलं नाही. तेव्हा यमुनाबाई स्वतः बसने बपेऱ्याला गेल्या आणि तिला आपल्या घरी घेऊन आल्या. मंडईच्या दिवशी त्यांनी मला आणि मनूलाही जेवायला बोलावलं होतं. चुलीवर वडे तळले जात होते. सिंधू पीठ थापत होती आणि बाहेर पाऊल वाजलं की प्रत्येक वेळी तिचा हात थांबत होता.

दुपार कलली तेव्हा देवराम अंगणात येऊन उभा राहिला. एकटाच. यमुनाबाई कढईपासून उठल्या आणि दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"काय काम हाये?"

तो त्यांच्याकडे न बघता आत बघत होता. "माय जेवून नाही राहिली कालपासून," तो म्हणाला. "सिंधे, घरी चाल."

"मायनं पाठवलं तुले?" आतून सिंधूने विचारलं.

तो एक पाऊल दाराकडे सरकला. मग म्हणाला, "नाही. मीच आलो."

यमुनाबाई दारातून बाजूला झाल्या. सिंधूने पिठाचे हात धुतले, पदराला पुसले आणि त्याच्या मागून निघाली. दोघांमध्ये चार हातांचं अंतर होतं. वळणापर्यंत ते तेवढंच राहिलं. पण दोघं एकाच वाटेने गेली.

मी वळून पाहिलं तर यमुनाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. कढईतला वडा जळत होता. मी धावत जाऊन तो काढला आणि त्यांना पाणी दिलं. ते त्यांनी तसंच बाजूला ठेवलं.

"दीड महिना झाला, मॅडम, अन्न गोड नाही लागलं," त्या म्हणाल्या. "त्या गल्लीतून जाची हिंमत होत नव्हती. दारात तिची माय बसून राहते. तिनं विचारलं असतं, माही पोर काहून येत नाही, तं काय सांगतलं असतं मी? वाचलं म्या, आन् माहेर तुटलं तिचं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या घाबरलेल्या मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. "आज तो नसता आला, तं?"

मी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले.