यापूर्वी कुठे प्रवेश घेतला होता?

कर्वेनगरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या एक बाई बसतात. आमच्या घरचे सगळे फॉर्म त्यांनीच भरलेत. दुकानात कितीही माणसं असोत, प्रत्येक प्रश्न त्या खणखणीत आवाजात वाचतात.

नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म भरायला मी गेले, तेव्हा माझ्यामागे तिघं थांबले होते.

"बारावीनंतर यापूर्वी कुठे प्रवेश घेतला होता का?" बाईंनी वाचलं.

मी वर्षभर फार्मसीला होते. तीन विषय राहिले आणि मी कॉलेज सोडलं. बाईंना हे माहीत होतं, तोही फॉर्म त्यांनीच भरला होता.

"नाही लिहा," मी म्हणाले.

त्यांनी कीबोर्ड उचलून माझ्यापुढे ठेवला.

"खोटं असेल ते तुमच्या हाताने लिहा."

मागची माणसं बोलायची थांबली. माझे कान तापले.

"नापास झालेलं कळलं तर घेतील का मला?" मी हळूच विचारलं.

"ते मला माहीत नाही. लपवलेलं कळलं, तर घेतलेलीला काढतील."

मी 'हो' टाकलं आणि तिन्ही विषय लिहिले.

नर्सिंग कॉलेजच्या मुलाखतीत तिथल्या मॅडमनी माझी फार्मसीची मार्कशीट बराच वेळ पाहिली. "यातला शरीररचनेचा विषय आमच्याकडेही पहिल्याच वर्षी आहे. जमेल?"

"या वेळी अभ्यास करीन," एवढंच मला बोलता आलं.

यादीत माझं नाव शेवटून दुसरं लागलं. मी धावत जाऊन बाईंना सांगितलं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "आता पास व्हा. प्रवेशाचा फॉर्म घेऊन परत येऊ नका."