चहाडी न करणारी गाडी

कुसुमआत्या गेली हे आम्हाला तिच्या गाडीवरून कळलं. गारखेड्यात तिच्या समोर राहणाऱ्या देशमुखवहिनींचा सकाळी फोन आला, आणि आत्याबद्दल त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. "राजूभाऊ, ऊन एवढं वर आलं, तरी गाडीवरची खोळ निघाली नाही," एवढंच म्हणाल्या. मी दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून धावलो. आमचं घर तिच्यापासून दोन गल्ल्या पलीकडं. रोज सकाळी खोळ काढायची, झटकायची, घडी करायची आणि मगच चहा घ्यायचा, हे आत्याचं दात घासण्याइतकं ठरलेलं होतं. त्या दिवशी खोळ तशीच होती... आणि आत आत्या कुशीवर, झोपेतच गेलेली. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसावा. मला वाटलं, तिच्या पद्धतीनंच गेली. निघताना कुणाला सांगायचं नाही.

आता महिना होऊन गेला. भेटायला येणारे तिच्या गणिताच्या तासांबद्दल बोलतात. शहरातल्या निम्म्या लोकांना तिनं अपूर्णांक शिकवले आणि उरलेल्या निम्म्यांना वर्गाबाहेर उभं केलं, असं तिचे विद्यार्थीच सांगतात. मी तिचा भाचा असूनही दुसऱ्या गटातला. पण मला आत्या आठवते ती गाडीसकट. पांढरी, लहानशी, आता कुठल्याच कारखान्यात बनत नसलेली गाडी. काच हातानं फिरवायची, थंडीत चोक ओढायचा, आणि गारवा हवा असेल तर काचा खाली करायच्या. आतोबांनी ती घेतली, ते गेल्यावर कागदपत्रं मुलाच्या, सुधीरच्या नावावर झाली, आणि चालवत राहिली आत्या. मी त्या काळात चार गाड्या बदलल्या. माझी सध्याची गाडी माझ्याशी बोलते. पट्टा लावा म्हणते, मागं काही आलं की किंचाळते. तरीही आमच्या फाटकाचा खांब आणि ती गाडी यांची वरचेवर गळाभेट होते. आत्या एकदा तो खांब बघून म्हणाली होती, "गाडी हुशार झाली की माणसाचं असं होतं."

काही वर्षांपूर्वी पाडव्याला सुधीर पुण्याहून आला तो नवीकोरी लाल गाडी घेऊन. आईला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून आत्या देवळात गेलेली असताना त्यानं जुनी परस्पर दलालाला नेऊन दिली होती. कागद त्याच्याच नावावर, त्यामुळं कुणाला विचारायचं कारणच नव्हतं. आत्या परतली. पोर्चमध्ये लाल गाडी, तिला मोठी फीत, शेजारी सुधीर हात पसरून उभा. आत्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, "छान आहे," म्हणाली आणि नारळ आणायला आत गेली. आम्हा सगळ्यांना वाटलं, झालं, प्रश्न मिटला. आमच्या घराण्यात गप्प बसलेल्या बाईचा अर्थ नेहमी 'चालेल' असाच लावला जातो. ही चूक आम्ही पिढ्यानपिढ्या न कंटाळता करत आलो आहोत.

नवी गाडी तिला चालवता आली नाही, असं कुणी समजू नये. आठवड्याभरात ती जालना रोडवरून अशी फिरायला लागली की मी तिच्या मागं राहणंच पसंत करायचो. अडचण वेगळी निघाली. आत्याला मधूनच वाटलं की ती पैठणला जायची. देवदर्शन नाही, साडीखरेदी नाही. धरणाच्या बाजूला गाडी उभी करायची, भाजलेल्या शेंगा घ्यायच्या, पाण्याकडं बघत बसायचं आणि शेंगा संपल्या की परत यायचं. नवी गाडी घेऊन ती पहिल्यांदा तिथं पोचली आणि फोन वाजला. सुधीर. "आई, पैठणला काय काढलंस?" दुसऱ्या खेपेला, "आई, किती वेळ झाला, उन्हात का उभी आहेस?" त्यानं ती गाडी स्वतःच्या मोबाइलला जोडून ठेवली होती. काळजीपोटीच, त्यात खोट काही नव्हती. गाडी हलली की त्याला पुण्यात कळायचं.

आत्या संध्याकाळी आमच्याकडं आली, पाणीही न घेता म्हणाली, "राजू, ती गाडी चहाडखोर आहे."

मी म्हटलं, बंद करायला सांग त्याला. तिनं सांगितलं होतं. सुधीर म्हणाला होता, आई, लपवण्यासारखं आहे तरी काय? आत्या खुर्चीच्या दांडीवर बोट आपटत राहिली. मग म्हणाली, "लपवण्यासारखं काही नाही रे. म्हणूनच सांगण्यासारखंही नाही. आधी वडील विचारायचे कुठं निघालीस, मग सासूबाई, मग शाळेचं हजेरीपुस्तक. आता कुठं ते संपलं होतं... मला माझी गाडी परत पाहिजे."

माझी बायको वर्षा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती काही बोलली नाही. मीही त्याकडं लक्ष दिलं नाही. का, ते वर सांगितलंच आहे.

आत्यानं जुन्या गाड्यांच्या दलालाचा पिच्छा पुरवला आणि गाडी देवगाव रंगारीला, भाऊसाहेब नावाच्या शेतकऱ्याकडं गेल्याचं शोधून काढलं. रविवारी मला बरोबर घेतलं. मला वाटलं, आधाराला. खरं म्हणजे येताना दोन गाड्या होणार होत्या आणि लाल गाडी परत आणायला कुणीतरी हवं होतं. दौलताबादच्या पुढं सुधीरचा फोन आलाच. कुठं चाललीस? आत्या म्हणाली, "गाडी आणायला," आणि फोन बंद करून माझ्या मांडीवर टाकला.

भाऊसाहेबांच्या अंगणात आमची गाडी उभी होती, मागची सीट काढलेली आणि आत आल्याची पोती रचलेली. आत्यानं दार उघडून नुसता वास घेतला. भाऊसाहेब भला माणूस. चहा झाला, पाऊसपाण्याचं झालं, मग आत्यानं मुद्दा काढला. पैसे परत देते, हवी तर ही नवी ठेवा. भाऊसाहेबांनी लाल गाडीभोवती फेरी मारली, अगदी आत्यानं पाडव्याला मारली होती तशीच, आणि मान हलवली. "नाय मावशी. नवी लई झ्याक हाय, पर ती बिघडली की उचलून शहरात न्यावी लागंल. ही बिघडली तर आमच्या फाट्यावरचा पोऱ्याबी नीट करतोय. हिच्यात माल टाकता येतो, खरचटली तर जीव जळत नाय. मला हीच पायजेल."

आत्याची पंचाईत झाली, कारण यातलं एकही वाक्य तिला खोडता येईना. सगळी तिचीच होती. मी नव्या गाडीचे फायदे सांगायला तोंड उघडलं, तर दोघांनीही माझ्याकडं असं पाहिलं की मी उरलेला चहा पिऊ लागलो. शेवटी तिनं खरं कारण सांगून टाकलं. गाडी पुण्याला कळवते ते, शेंगांचं, पाण्याचं. भाऊसाहेब ऐकत राहिले, पण ते अडून बसले होते. आल्याचा हंगाम सुरू होता, गाडीवाचून त्यांचंही चालणार नव्हतं. तेव्हा इतका वेळ दाराशी बसून लसूण सोलणारी त्यांची बायको मान वर न करताच म्हणाली, "द्या त्यांची त्यांला."

"आन् माल कशात न्यायाचा?"

"न्हेऊ ट्रॅक्टरमदी. आपल्याला गाडी दुसरी बी मिळंल. त्यांला असं जायाला दुसरं काय हाय?"

भाऊसाहेबांनी बराच वेळ पोत्यांकडं बघितलं. मग किल्ली दिली, पण एका अटीवर... अशीच दुसरी गाडी मावशीनं शोधून द्यायची. आत्यानं शब्द दिला. पोती मी उतरवली. दोन दिवस माझी कंबर मला माझं वय सांगत होती.

मग आम्ही शहरभर खोळी उचलत फिरलो. सिडकोत, उस्मानपुऱ्यात, जिथं जुनी गाडी दिसेल तिथं आत्या घंटी वाजवायची आणि विकायची का म्हणून विचारायची. कुणी विकायला तयार होईना. एका निवृत्त इंजिनियरांनी आम्हाला बसवून सरबत दिलं आणि सांगितलं, या गाडीचा प्रत्येक आवाज मला ओळखू येतो, नव्या गाडीत मी बहिऱ्यासारखा बसतो. एक डॉक्टरीणबाई नवी गाडी दारात ठेवून गुलमंडीच्या गल्ल्यांत जुनीच घालायच्या. शहागंजातला एक मोबाइलवाला आत्याला म्हणाला, "आपा, ये बेचा तो अम्मी मेरेकू घर में नै घुसने देंगी. उनके घुटनों कू इसीच सीट की आदत है." आत्या प्रत्येक नकारावर खूश व्हायची. मी कातावून म्हटलं, हे असंच चाललं तर तुझा शब्द कसा पुरा होणार? ती म्हणाली, "होईल. पण आपण वेडे नाही, एवढं तर कळलं." पुढं कुणीतरी परदेशी निघालेलं भेटलं आणि भाऊसाहेबांना गाडी मिळाली. लाल गाडी सुधीर घेऊन गेला. काही महिने तो आईशी मोजकंच बोलायचा. मग तेही निवळलं. आत्याच्या गाडीला आल्याचा वास मात्र कायमचा राहिला. सर्दी झाली की मी मुद्दाम तिच्या गाडीत बसायचो.

चौदाव्याला भाऊसाहेब आणि त्यांची बायको आपल्या गाडीतून आले. जेवणं झाल्यावर सुधीरनंच गाडीचा विषय काढला. या वेळी त्यानं आधी काही ठरवलं नव्हतं, बिचारा सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होता. भाऊसाहेबांना म्हणाला, तुम्ही न्या. ते म्हणाले, माझ्याकडं हाय की एक, आन् ही मावशीची. मग मला विचारलं. मी म्हटलं, मला त्या चोकचं तंत्र जमत नाही, आणि आमच्याकडं आधीच एक बोलकी गाडी आहे. देऊन टाकू कुणाला तरी.

"मी ठेवते," वर्षा म्हणाली.

मी हसलो. मंडळींसमोर जरा जास्तच हसलो. म्हटलं, तुला चालवता येते कुठं?

"येते. आत्यांनी शिकवली."

तिनं पर्समधून परवाना काढून पाटाशेजारी ठेवला. रीतसर, तिच्या फोटोसकट. मी शेंद्र्याला कंपनीत असायचो, आमचा मुलगा कॉलेजात, तेव्हा या दोघी पैठण रोडला जायच्या. महिनोन्‌महिने. आत्या शेजारी बसून गणिताच्या तासासारखी ओरडायची म्हणे, आणि एकदा तर वर्षाला खाली उतरवून रस्त्याच्या कडेला उभंही केलं होतं. मी रोज संध्याकाळी घरी यायचो, आज काय केलंस विचारायचो, ती म्हणायची, काही नाही. आणि मी तेवढ्यावर जेवायचो.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? उत्तर दिलं भाऊसाहेबांच्या बायकोनं, पदरानं हात पुसत, अगदी सहज... "सांगितलं आस्तं, तर तुमी संगं आला नसता का?"

सुधीरनं किल्ली वर्षाच्या हातात दिली. कागदपत्रांचं, पुन्हा नोंदणीचं, तपासणीचं जे काही लागेल ते मी करतोय. आरटीओच्या रांगेत लोक मला सांगतात, साहेब, एवढ्या खटपटीत नवी आली असती. मी म्हणतो, नवी आहे आमच्याकडं. ते माझ्याकडं विचित्र नजरेनं बघतात, पण रांगेतली जागा मी सोडत नाही.

परवा दुपारी वर्षा गाडी घेऊन निघाली. मी फाटकात उभा होतो. तोंडाशी आलेला प्रश्न मी गिळला. त्याला किती ताकद लागते हे माझं मला ठाऊक. तिनं काच फिरवून वर केली आणि वळणावर दिसेनाशी झाली. दिवेलागणीला परत आली, काही न बोलता आत गेली आणि कुकर लावला. चारही चाकांना ओली माती होती, काठाची असते तशी, चिकट. मी नळी लावली आणि ती सगळी धुऊन टाकली.