निर्दोष सेन्सर

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी दुपारी, भरे गावात सासूबाईंच्या ओसरीवर, मी एका निर्दोष सेन्सरवर खोटं बोलल्याचा आरोप ठेवला.

पार्श्वभूमी अशी. सासूबाईंची लाडकी काळी कोंबडी मुंगसाने नेली. मागे उरली फक्त तिची अंडी. ती उबवण्यासाठी मी थर्माकोलच्या खोक्यात बल्ब, छोटा पंखा, तापमान मोजणारा सेन्सर आणि त्याच्या आकड्यावरून बल्ब चालू-बंद करणारं सर्किट बसवलं. (कुणी मागितलं नव्हतं.) झाकणावर ठळक लिहिलं : ‘मशीन चालू असताना उघडू नये.’

त्या रविवारी आम्ही पोचताच सासूबाई म्हणाल्या, “पाव्हणं, खोकं गार लागतंय. भोकातनं बल्बचा उजेड बी दिसंना. अंडी जात्याल वाया!”

खोक्यावरच्या छोट्या पडद्यावर मात्र आतलं तापमान एक्केचाळीस अंश दिसत होतं. अंड्यांना साडेसदतीस पुरतात.

“झाकण उघडून बघ की,” बायको म्हणाली.

“आतली ऊब निघून जाईल.”

“गार खोक्यातून?”

मी लॉजिक अॅनालायझर काढला. काडेपेटीएवढी स्वस्त वस्तू! तारेतले विजेचे चढउतार ती टिपते आणि लॅपटॉपवरचं मुक्त स्रोत सॉफ्टवेअर, तेही फुकट, त्यांचा अर्थ लावतं. थोडक्यात, सेन्सर आणि सर्किट यांचं बोलणं चोरून ऐकता येतं.

पहिल्यांदा नुसता कचरा आला. “सेन्सर बरळतोय,” मी जाहीर केलं. (ग्राउंडची काळी वायर जोडायची राहिली होती.) ती जोडल्यावर लॅपटॉपच्या पडद्यावर निरोपाचे स्वच्छ, चौकोनी दात उमटले. सासूबाई वाकून बघू लागल्या.

“काय म्हणतोय त्यो?”

“एक्केचाळीस.”

“ते तर खोक्यावर बी लिवलंय!”

निरोप स्वच्छ, म्हणजे वायर ठीक, सर्किट ठीक. खोटारडा सेन्सरच! झाकण न उघडता मी बाहेरूनच त्याची वायर सोडवली, नवा सेन्सर जोडला आणि चाचणीपुरता ओसरीवरच ठेवला. तो म्हणाला, सव्वीस. सर्किटला वाटलं अंडी गारठली. बल्ब भसकन पेटला.

“बघा!” मी म्हणालो.

थोड्या वेळाने खोकं हललं. मग ओरडलं. झाकण उडालं आणि आतून निघालेली तांबडी कोंबडी लॅपटॉपवर, तिथून माझ्या खांद्यावर आणि तिथून शेवग्यावर गेली.

“ही आत कशी?”

“सकाळी लाईट गेली तवा मीच बसवली. लाईट आली तरी उठंना. खुडूक झालीया ती, अंड्यांवर बसायाच बघती. पर सपाट खोक्यात अंडी पांगत्यात, सगळी न्हाईत मावत तिच्या पोटाखाली.”

“उघडू नये लिहिलं होतं ना!”

“चालू आसताना. लाईट न्हाई तर मशीन चालू कसं?”

“मग मला सांगितलं का नाही?”

“तुमी इचारलं कुटं? तुमी त्या वायरीला इचारत बसला!”

जुना सेन्सर अंड्यांच्या मधोमध सापडला. कोंबडी त्याच्यावर बसली होती. कोंबडीच्या अंगाचं तापमान साधारण एक्केचाळीस अंश असतं.

अंडी खोलगट पाटीत घालून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवली आणि तांबडीला त्यांवर बसवलं. मी दिसलो की तांबडी अंड्यांवरून उठायची, म्हणून सासूबाईंनी मला अंगणाची हद्द ठरवून दिली.

पिल्लं निघाली. त्यांत काळीही होती. ती मी खिडकीतून पाहिली.