रिव्हेट आणि एक ‘हाव’

पुण्याकडच्या माणसाला ‘हाव’ म्हटलं की लोभ आठवतो. आमच्या नांदेडकडं हाव म्हणजे होय. जेवलास का? हाव. येतोस का? हाव. या एका शब्दावर आमच्याकडं सोयरिकी जुळतात, बैलांचे सौदे होतात. माझा घात झाला तोही याच शब्दानं.

तो माझा लहानपणापासूनचा दोस्त. नांदेडला एकाच उस्तादांच्या हाताखाली आम्ही दोघं लोखंडाचं काम शिकलो. त्याचं घर जमीनजुमल्याचं, आमचं बौद्धांचं, मजुरीवर चालणारं. त्याच्या दारात गेलो की त्याची आई मला ओंजळीत वरून पाणी घालायची. तेव्हा तो आईला काही बोलायचा नाही. पण दुसऱ्या दिवशी वर्कशॉपात सगळ्यांदेखत माझ्या डब्यात हात घालायचा, माझी भाकर मोडून खायचा आणि माझ्याच पेल्यानं पाणी प्यायचा. मला तेवढं पुरायचं. त्या भाकरीपायी मी त्याला सख्ख्या भावाहून जवळचा मानला.

पुढं त्यानं नांदेडातच स्वतःचं वर्कशॉप टाकलं. मी लिलावात निघालेली लष्कराची जुनी जीप घेऊन लातूरला गेलो. चारही चाकांत जोर असलेली गाडी होती ती. लातूरचा नुकताच नवा जिल्हा झाला होता. कचेऱ्यांवर पाट्या चढल्या होत्या, पुढाऱ्यांचे सत्कार संपत नव्हते, पाऊस तेवढा नव्या जिल्ह्यात रुजू व्हायचा राहिला होता.

माझी धाकटी बहीण देवणीकडं, मांजरेच्या पलीकडच्या एका गावात दिली होती. त्या गावची विहीर आटली आणि टँकर मंजूर झाला. पण नदीच्या कोरड्या पात्रातली वाळू भरल्या टँकरला सोडायची नाही. ड्रायव्हर म्हणाला, “वढून काढणारं कुणी असंल तर गावात येतो. न्हाईतर अलीकडच्या काठालाच हुबा करतो.” अलीकडच्या काठाला म्हणजे बायांनी भर उन्हात अख्खं पात्र तुडवून पाणी न्यायचं. माझी बहीण पोटुशी होती. मी गावासमोर शब्द दिला, “टँकर फसला तर मी हाय.”

शब्द दिला खरा, पण जीपची पाठ तेवढी दमदार नव्हती. टँकर ओढताना सगळा ताण मागच्या हुकावर येतो, आणि हूक असतो चासीच्या, म्हणजे गाडीखालच्या लोखंडी सांगाड्याच्या, शेवटच्या आडव्या पट्टीवर. ती पट्टी एकटी तो ताण झेलू शकत नाही. तिला जाड लोखंडी पाट लावायचा, तो दोन्ही बाजूंच्या उभ्या चासीला बांधायचा, म्हणजे ओढ सगळ्या सांगाड्यात वाटली जाते. पाट मी नांदेडच्या भंगारातून शोधून आणला, मोडलेल्या ट्रकच्या चासीचा. हूक नीट बसावा म्हणून त्यातलं एक भोक कानशीनं घासून लांबट केलं. लातुरात माझ्याकडं भट्टी नव्हती, म्हणून जीप आणि पाट दोस्ताच्या हवाली करताना म्हणालो, “वेल्डिंग करू नको. रिव्हेट तापवून मार.”

खरं तर त्याला हे सांगायची गरज नव्हती. उस्ताद आम्हाला कायम बजावायचे, “चासी को आडा टाका नक्को मारना. टाका जिधर, तडक उधर.” आडव्या वेल्डिंगच्या कडेला लोखंड कडक होतं आणि ओढ बसली की तिथंच तडकतं. आम्ही दोघांनी हे एकाच तोंडून ऐकलं होतं.

जीप आणायला गेलो तेव्हा खाली वाकून पाहिलं. काळ्या रंगात रिव्हेटांची गोल डोकी ओळीनं बसली होती.

“रिव्हेट मारले का?”

“हाव.”

हातोडी माझ्या पायाशीच पडली होती. रिव्हेट पक्का आहे की नाही ते ठोकल्यावर आवाजावरून लगेच कळतं. पण उस्तादांच्या चेल्यांत एक रीत होती. दोस्ताच्या कामावर हातोडी मारायची नाही. मारली तर ते त्याच्या घरी जेवायला बसून भाजी हुंगून बघितल्यासारखं होतं. मी हातोडी उचलून त्याच्या पेटीत ठेवली आणि जीप घेऊन निघालो.

टँकर फसला तो ऐन दुपारी. मी जीप उलटी लावली, हुकाला साखळी अडकवली, चारही चाकांचा गियर टाकला. साखळी ताणली गेली, टँकर जरासा हलला. पलीकडच्या काठावर बसलेल्या बाया घागरी घेऊन उभ्या राहिल्या. तेवढ्यात माझ्या पाठीमागं काडकन आवाज झाला आणि दावं तुटलेल्या बैलासारखी जीप पुढं धावली. वळून पाहिलं तर साखळी वाळूत पडली होती, आणि तिच्या टोकाला हूक, आडवी पट्टी धरून.

ड्रायव्हरला अजून पुढची गावं करायची होती. ओझं कमी करायला त्यानं मागची तोटी सोडून दिली. बाया पात्रातून पळत आल्या, हाती होतं त्यात भरून घेतलं. बाकीचं पाणी आमच्या डोळ्यांदेखत मांजरेची वाळू प्यायली. रिकामा टँकर बाहेर निघाला तसा ड्रायव्हर म्हणाला, “उद्यापास्नं अलीकडंच.” मला कुणी शिवी दिली नाही. बहीण अर्धी घागर कमरेवर घेऊन जवळ आली आणि म्हणाली, “दादा, तुला लागलं न्हाई ना?” शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मग मी वाळूत बसून तो तुटका भाग उलटा केला. माझा पाट कुठंच नव्हता. त्याच्या जागी पातळ पत्रा आडव्या वेल्डिंगनं जोडलेला होता, आणि टाक्याच्या कडेनंच सगळं फाटलं होतं. रिव्हेट म्हणून मी जी पाहिली ती कापलेल्या बोल्टांची नुसती डोकी होती, वरून चिकटवलेली. एक तर अंगठ्यानं दाबताच निघून आलं. चुकून वाईट झालेलं काम मी ओळखतो. हे मुद्दाम, मला फसवायला, मन लावून केलेलं काम होतं.

ते डोकं खिशात घालून मी नांदेड गाठलं. वर्कशॉपात एका पुढाऱ्याची उघडी जीप उभी होती, धुऊनपुसून लखलखीत. मिरवणुकीत साहेबांना उभं राहून हार घेता यावेत म्हणून मागं चौथरा केला होता. मी वाकून पाहिलं. चौथऱ्याखाली माझा पाट, अस्सल रिव्हेटांनी ठोकलेला. मी घासलेल्या लांबट भोकात झेंड्याचा दांडा बसवला होता.

“अरे ये, ये,” दोस्त म्हणाला. “जेवायलाच बसून राहिलो.” माझी नजर कुठं आहे ते त्यानं पाहिलं होतं, तरी डबा उघडला. “साहेबाची गाडी. लई नाव झालं बघ.”

मी खिशातलं डोकं काढून त्याच्या डब्याच्या झाकणात टाकलं.

“माझ्या गाडीला रिव्हेट मारले होते का?”

तो न्हाई म्हणाला असता तर मी खाली बसलो असतो. शिव्या घातल्या असत्या, कदाचित हातही उचलला असता, पण त्याच्यासोबत जेवलो असतो. एका न्हाईनं माझी आख्खी जवानी वाचली असती. त्यानं भाकर मोडली, अर्धी माझ्यापुढं धरली.

“हाव,” म्हणाला.

भाकर मी घेतली नाही. उन्हातून आलो होतो, घसा कोरडा पडला होता. त्यानं उठून माठातून पेला भरला आणि माझ्यापुढं केला. मी दोन्ही हातांची ओंजळ केली.

“वरून घाल,” म्हणालो.

त्यानं पेला उंच धरला आणि वरून पाणी घातलं.